ज्याच्या हातात तुकडा, त्याला विचारा

(पेण आणि रोहा तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत शनिवारी जाऊ इच्छिणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय आहे प्राथमिक वर्गातली जिगसॉ कोडी. म्हणजे चित्राचे तुकडे करायचे आणि मुलांनी ते परत जोडायचे. आपल्या बैठकांत एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, मतदारयाद्या असे विषय असतात. त्यामुळे काही जणांना वाटत असेल की आज जरा विश्रांतीचं सत्र आहे. तसं नाही. आपल्या भागात पहिली ते चौथीच्या वर्गांत जे अडतं, त्याच्याशी या पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा थेट संबंध आहे.

आधी माझी हद्द सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. डी.एड. नाही, बी.एड. नाही. आम्ही चार मित्र दोन वर्षांपासून जमेल त्या शनिवारी दोन शाळांत जातो, एक मराठी माध्यमाची आणि एक उर्दू माध्यमाची. शाळांची नावं घेत नाही, कारण तिथल्या शिक्षकांनी आमच्या हाती वर्ग दिला तो विश्वासावर. मी जे सांगणार आहे ते तिथे पाहिलेलं आणि थोडंफार वाचलेलं.

आता मला सांगा, पेण-रोह्यातल्या पहिलीच्या मुलाची भाषा कोणती?

आपल्यातल्या बऱ्याच घरांत कोकणी बोलतात. गोव्याची कोकणी नव्हे, मराठीचंच आपल्या किनाऱ्यावरचं रूप, त्यात अरबी-फारसी शब्द मिसळलेले. हे मूल उर्दू शाळेत जातं आणि त्याला कळतं की पुस्तकातली भाषा घरातली नाही. मक्तबमध्ये अरबी अक्षरं, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, मोबाईलवर हिंदी. आता पेणच्या खाडीकडच्या गावात चला. आगरी घरातलं मूल मराठी शाळेत बसलंय, पण त्याच्या आजीची बोली पुस्तकात कुठेच नाही. तिथून डोंगराकडच्या वाडीवर चला. कातकरी मुलाची भाषा तर गुरुजींनाही नीट कळत नाही, आणि दिवाळी झाली, आईबाप वीटभट्टीवर गेले की मूलही त्यांच्याबरोबर जातं. ही तीन मुलं एकमेकांना परकी समजतात. मोठी माणसंही त्यांना तसंच शिकवतात. पण तिघांची अडचण एकच आहे. डोक्यात असलेलं शाळेच्या भाषेत सांगता येत नाही, म्हणून मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलं की त्याच्या नावापुढे 'कच्चा' असा शेरा पडतो. एकदा पडलेला शेरा चौथीपर्यंत पुसला जात नाही. आपल्या मोहल्ल्यात सातवी-आठवीत शाळा सोडणारी जी मुलं आपण बघतो, त्यांच्यातल्या कितींची सुरुवात या शेऱ्यापासून झाली असेल, याचा विचार करून बघा.

जिगसॉला सुरुवातीला भाषा लागत नाही. हा त्याचा पहिला फायदा.

दुसरीतली एक मुलगी होती. तीन शनिवार मी तिचा आवाज ऐकला नव्हता. गुरुजी म्हणाले, तिचं फारसं मनावर घेऊ नका. त्या दिवशी आम्ही पोपटीचं चित्र नेलं होतं, वालाच्या शेंगांचं मडकं, खाली जाळ, भोवती माणसं. बारा तुकडे, चार मुलांचा गट. बाकीचे तिघे मडक्याचा एक तुकडा जोर लावून दाबत होते. हिने तो त्यांच्या हातून काढला, अर्धा फिरवला, बसवला आणि म्हणाली, "असा." एवढंच. पुढच्या दहा मिनिटांत बाकीचे तिघे तुकडा उचलून आधी तिच्याकडे बघायला लागले. गुरुजी दारात उभे राहून हे बघत होते.

याच्यावरून ती मुलगी हुशार ठरली, असं मी म्हणत नाही. एका कोड्यावरून कुणी हुशार ठरत नाही. पण तिला आकार फिरवून बघता येतो, अंदाज बांधता येतो, ही माहिती त्या वर्गात आधी कुणाकडेच नव्हती. गुरुजींकडे नव्हती आणि बहुतेक तिच्याकडेही नव्हती.

दुसरा फायदा माझ्या धंद्यातला माणूस लगेच ओळखेल. आम्ही प्रोग्राम लिहिला की लगेच चालवून बघतो. चुकला असेल तर मशीनच सांगतं. प्रत्येक ओळ साहेबाला दाखवून 'बरोबर आहे का' असं विचारत बसलो तर काम कधीच संपणार नाही. शाळेत मात्र मुलाचं प्रत्येक उत्तर बाईंच्या लाल पेनाची वाट बघत थांबतं. जिगसॉत बरोबर की चूक हे तुकडाच सांगतो. आणि ज्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तिथे ही लहान गोष्ट नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. वाड्या-वस्त्यांवरच्या बहुतेक शाळा अशाच. बाई पहिलीला अक्षरं शिकवत असताना तिसरी-चौथीने काय करायचं? पाटीवर पाढे लिहायचे, दुसरं काय! त्याऐवजी जे काम मूल स्वतः तपासू शकतं ते त्याच्या हाती द्या, बाईंचा अर्धा तास मोकळा होतो.

कोडं हे शिकवण्याचं साधन म्हणूनच जन्माला आलं, ही गोष्टही सांगायला हवी, कारण काही पालक विचारतात, "शाळेत खेळायला पाठवलंय का?" लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. १७६० च्या दशकात त्याने लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवतीने कापला. तिसरा जॉर्ज राजा, ज्याच्या काळात अमेरिका इंग्रजांच्या हातून गेली, त्याच्या मुलांना असे तुकड्यांचे नकाशे देऊन भूगोल शिकवला गेला. म्हणजे राजवाड्यातली मुलं जे करत होती तेच आपण दुसरीच्या वर्गात करतोय, असं त्या पालकांना सांगा. ऐकून खूश होतात.

पण त्या नकाशांत एक खुबी होती, ती आजच्या दुकानातल्या कोड्यांत नसते. कापाची रेघ म्हणजेच देशाची सीमा. तुकड्याचा आकार हेच ज्ञान. दुकानातल्या कोड्याला सगळीकडे सारखे गोल कान आणि खाचा असतात. तिथे आकार काहीच शिकवत नाही, चित्र शिकवतं. दोन्ही प्रकार चांगले, पण कुठे कोणता वापरायचा ते ठरवावं लागतं. रायगड जिल्ह्याचा नकाशा करायचा असेल तर तालुक्यांच्या सीमेवरूनच कापा. पंधरा तालुके, पंधरा तुकडे. रोह्याचा तुकडा हातात घेतला की अलिबाग, पेण, सुधागड, माणगाव, तळा, मुरूड, सगळे शेजारी बोटाला लागतात. आपला तालुका एवढ्या जणांना चिकटलेला आहे हे पाठ करून कळत नाही. पेणच्या मुलांना पनवेल हा वेगळा तालुका आहे यावरच सुरुवातीला विश्वास बसत नव्हता. त्यांच्या लेखी पनवेल म्हणजे मुंबई.

आता अभ्यास काय सांगतात ते थोडक्यात. २०१२ साली शिकागोच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रेपन्न मुलं, साधारण दोन ते चार वर्षांची, आपापल्या घरी पालकांबरोबर खेळताना ठरावीक अंतराने पाहिली. पुढे साडेचार वर्षांची झाल्यावर त्यांना आकार मनात फिरवून जोडण्याची चाचणी दिली. कोडी खेळलेली मुलं त्यात पुढे होती, आणि जी जास्त खेळली ती जास्त पुढे. यावरून कोड्यांमुळेच असं झालं हे सिद्ध होत नाही. ज्यांना जमतं तीच मुलं जास्त खेळत असतील. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. मुलगे आणि मुली सारख्याच वेळा कोडी खेळत होते, मात्र मुलग्यांच्या वाट्याला येणारा खेळ जास्त कसदार होता. म्हणजे कोडी अवघड, पालकांचं लक्ष जास्त, आणि 'वर, खाली, कडेला, फिरव' असे शब्दही जास्त. आणि या कसदारपणाचा चाचणीतल्या कामगिरीशी संबंध दिसला तो मुलींच्या बाबतीत. शिकागोतल्या आईबापांची ही गोष्ट. आपल्याकडे वर्गात कोडं ठेवलं की कोपऱ्यातला पहिला तुकडा कोण ओढतं ते बघा. तेव्हा गट करताना नुसती मोजणी बरोबर ठेवून भागणार नाही. अवघड कोडं मुलींच्या गटाकडे जातंय का आणि तुम्ही त्यांच्यापाशी बसून बोलताय का, हेही पाहा.

'बोलताय का' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण इथून पुढचा भाग नुसत्या पुठ्ठ्याचा नाही.

कोडं जोडून मूल वाचायला शिकत नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडे पेटी वाटणं म्हणजे शिक्षण देणं असा समज पक्का आहे. वाटपाचा फोटो निघतो, पेटी कपाटात जाते, कपाटाला कुलूप लागतं, कारण 'तुकडे हरवतील'. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने 'जादुई पिटारा' आणला, तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, त्यात खेळणी आहेत, कोडी आहेत, चित्रपत्रं आहेत. कल्पना चांगलीच आहे. पण पेटीत न मावणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे वर्गात ती कोण उघडतं आणि काय विचारतं.

आम्ही एकच नियम ठेवलाय. तुकडा बसवण्याआधी सांगायचं, 'हा इथे का?' कुठल्याही भाषेत सांगा. कोकणीत सांगा, आगरीत सांगा, कातकरीत सांगा. मूल म्हणतं, "याला सरळ बाजू हाय." मग तुम्ही म्हणता, "हो, सरळ कड. कडेचा तुकडा." उर्दू शाळेत त्यालाच किनारा म्हणतात. एका मुलाने सरळ बाजूच्या सगळ्या तुकड्यांना 'किनाऱ्याचे' म्हणायला सुरुवात केली आणि दोन्ही शाळांत तोच शब्द रुजला. खाडीकाठच्या मुलांना तो समजावून सांगावा लागला नाही. मूल विचार आधी करतं, शब्द नंतर येतो. शाळेत नेमकं उलटं होतं. आधी शब्द मागतात, आणि शब्द नाही म्हणून विचारही नाही असं धरून चालतात.

चौथीच्या मुलांबरोबर गणितही निघतं. पाच उभ्या, चार आडव्या ओळींचं वीस तुकड्यांचं कोडं घ्या. किनाऱ्याचे तुकडे किती? चौदा. आतले सहा. कोपरे नेहमी चारच. चोवीस तुकड्यांचं केलं तर? मुलं आधी मोजतात, मग एखादा न मोजता सांगतो, आणि मग वर्गात भांडण लागतं की याने सांगितलं कसं! आणखी एक प्रश्न. वीस तुकडे जोडायला किती वेळा जोडणी करावी लागते? कुठूनही सुरू करा, आधी दोन-दोन जोडा की चार-चार, दोन ढीग एकत्र आले की ती एक जोडणी. उत्तर नेहमी एकोणीस. कारण प्रत्येक जोडणीनंतर सुटे भाग एकाने कमी होतात आणि वीसवरून एकवर यायचंय. हा प्रश्न मी ऑफिसमध्ये इंजिनियरांना विचारला तेव्हा दोघांनी कागद मागितला. मुलांनी करून पाहिलं.

आता गटाकडे येतो. जिगसॉ हा शब्द शिक्षणात आणखी एका अर्थाने वापरतात. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवलं होतं. शाळांत मारामाऱ्या सुरू झाल्या. इलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं गेलं. त्याने मुलांना 'मिळून मिसळून राहा' असं भाषण दिलं नाही. त्याने वर्ग पाहिला. शिक्षक प्रश्न विचारतो, सहा हात वर होतात, एकाला संधी मिळते, आणि बाकीचे पाच मनातून तो चुकावा म्हणून वाट बघतात. ज्याची भाषा अडखळते तो हातच वर करत नाही. ही रचनाच शत्रू तयार करणारी आहे, असं त्याचं म्हणणं. मग त्याने धड्याचे पाच-सहा भाग केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच भाग दिला. ज्याच्याकडे जो भाग, त्यानेच तो बाकीच्यांना शिकवायचा, आणि परीक्षा सगळ्यांची, पूर्ण धड्यावर. म्हणजे अडखळत बोलणाऱ्या मुलाला हसलात तर नुकसान तुमचं. अ‍ॅरन्सनने एका मुलाची हकीकत लिहिली आहे, त्याला त्याने कार्लोस म्हटलंय. इंग्रजी त्याची दुसरी भाषा, सुरुवातीला मुलांनी त्याची टर उडवली. मग त्यांच्या लक्षात आलं की त्याच्याकडची माहिती त्याच्याशिवाय कुणाकडेच नाही, आणि त्यांनी त्याला नीट प्रश्न विचारायला सुरुवात केली.

ही पद्धत म्हणजे जादू नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी या पद्धतीवर केलेले पाच प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मुलांच्या शिकण्यावर अपेक्षेइतका फायदा दिसला नाही. तेव्हा परीक्षेचे गुण वाढतील असं शिक्षकांना वचन देऊ नका. आपल्याला ही पद्धत हवी आहे ती दुसऱ्या कारणासाठी.

कुंडलिकेचं कोडं आम्ही या दोन्ही अर्थांचा जिगसॉ जोडून बनवलं. लांब पट्टीवर नदीचं चित्र आणि पाचच मोठे तुकडे. पहिला भिऱ्याचा, जिथे टाटांचं वीजघर आहे आणि घाटावरच्या मुळशी धरणाचं पाणी खाली उतरून वीज करतं आणि मग आपल्या नदीत येतं. दुसरा कोलाडचा, तेच पाणी सोडलं की ज्यावर मुंबईचे लोक रबरी होड्यांतून खिदळत जातात. तिसरा धाटावचा, कारखान्यांचा. चौथा रोहा आणि अष्टमी, मध्ये पूल. पाचवा रेवदंड्याची खाडी आणि समुद्र. प्रत्येक तुकड्याच्या मागे चार ओळींचा मजकूर. पाच मुलं, पाच तुकडे. कुणीही दुसऱ्याचा तुकडा उलटायचा नाही, विचारायचं.

आणि मजकूर दोन लिपींत. भिरा आणि अष्टमी उर्दूत, बाकीचे तीन देवनागरीत.

या दोन्ही शाळा एकाच गावात आहेत. मध्ये एक कुंपण आहे, दोन्हीकडची मुलं एकाच हातपंपावर पाणी पितात, आणि चौथीपर्यंत एकमेकांची नावं त्यांना माहीत नव्हती. हे काही भांडणामुळे नाही. नावं माहीत करून घ्यायचं कारणच कधी पडलं नव्हतं. दोन्ही शाळांच्या शिक्षकांशी बोलून एका शनिवारी दोन्ही चौथ्या एकत्र बसवल्या. पहिली पंधरा मिनिटं काहीच घडलं नाही. आपापल्या शाळेची मुलं खांद्याला खांदा लावून बसली. मग एका गटात नदीची सुरुवातच मिळेना, कारण भिऱ्याचा तुकडा उर्दू शाळेतल्या एका मुलीकडे होता आणि ती तो मांडीवर उलटा धरून बसली होती. मराठी शाळेतला मुलगा वाकून बघतो तर मागची अक्षरं त्याला लागेनात. त्याने विचारलं, "हे तुला वाचता येतं?" तिने वाचलं. मग त्याच्या तुकड्यामागचं कोलाडचं देवनागरीही तिने हळूहळू वाचलं, कारण उर्दू शाळेत मराठी हा विषय असतो. तो मुलगा बघतच राहिला. त्याच्या डोक्यात उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी येत नाही असं पक्कं बसलेलं, आणि समोर दोन लिप्या वाचणारी मुलगी! ज्याच्याकडे कमी आहे असं वाटत होतं त्याच्याकडे एक लिपी जास्त निघाली. हे मी भाषण देऊन पटवू शकलो नसतो.

सगळ्यात मोठा वाद शेवटच्या तुकड्यावर झाला. मराठी शाळेतल्या मुलीच्या तुकड्यामागे लिहिलं होतं की नदी रेवदंड्याजवळ दर्याला मिळते. उर्दू शाळेतला मुलगा म्हणाला, "नदीच तर दरिया आहे, ती दरियाला कशी मिळेल?" उर्दूत दरिया म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्र. एकच शब्द, फारसीतून आलेला, आणि दोघंही बरोबर. गट अडला. शेजारच्या गटातले येऊन मत देऊन गेले. कोळीवाड्यातला एक मुलगा म्हणाला, आमच्यात तर दर्या म्हणजे समुद्रच. कोकणी बोलणाऱ्या मुलांना आठवलं की घरी दादीसुद्धा समुद्रालाच दर्या म्हणते. म्हणजे घरात एक अर्थ, शाळेत दुसरा, आणि तोवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आपा आणि गुरुजी दोघेही तिथे येऊन बसले. उरलेला तास त्यावरच गेला. कोडं अर्धवट राहिलं आणि कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही.

लिपीवरून आणखी एक गोष्ट, कारण शब्दांची कोडी करायची झाली तर ती लागेल. मराठी शब्द उभा कापला तरी वरची शिरोरेघ माग दाखवते, मूल रेघेला रेघ लावतं. जोडाक्षर तर आयतंच कोडं आहे. 'पुस्तक' कापताना अर्धा स एका तुकड्यावर आणि त दुसऱ्यावर ठेवा. अर्ध्या स ला एकटं उभं राहता येत नाही, हे मुलाला न सांगता समजतं. उर्दूत तसं चालणार नाही. तिथे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळं रूप घेतं, आणि अलिफ, दाल, रे, वाव अशी काही अक्षरं पुढच्याला हात देतच नाहीत. 'कलम' एका फटकाऱ्यात लिहिला जातो, 'किताब' मध्ये शेवटचा बे सुटा पडतो, आणि 'बाज़ार' चे तर आपोआप चार तुकडे होतात. तेव्हा उर्दू शब्द कापायचा तो जिथे लिपीच तुटते तिथे. आणि तुकडे उजवीकडून डावीकडे लावायचे. हे काम उर्दू शाळेच्या शिक्षकांना विचारूनच करा. इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर कधी कधी सुट्या अक्षरांत छापला जातो, तो मुलांसमोर न्यायच्या लायकीचा नसतो.

साहित्याचा खर्च जवळजवळ नाही. हा धडा आपल्याच कोकणपट्टीतला. १९४५ मध्ये तारा​बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, पुढे कोसबाडला, आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी लाकडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले घेतले. आपल्याकडे जुन्या कॅलेंडरांची चित्रं आहेत, लग्नपत्रिकांचे जाड कागद आहेत, किराणा दुकानातले खोके आहेत. चित्र खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवा, मग कापा. ओलं कापलं तर कड फुगते आणि तुकडे बसत नाहीत. कटर मुलांच्या हाती नको. कान-खाचा प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या काढा, सगळ्या सारख्या काढल्या तर चुकीचा तुकडाही बसतो आणि मग तुकड्याच्या शब्दावर विश्वास उरत नाही. बालवाडीला चार ते सहा तुकडे पुरे, पहिलीला नऊ ते बारा, चौथीला चोवीसच्या आसपास. प्रत्येक कोड्याच्या सगळ्या तुकड्यांमागे एकच खूण करा, नाहीतर चार कोडी एकत्र झाली की शिक्षक ती परत कधीच बाहेर काढणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

चित्र निवडताना निम्मं आभाळ असलेली चित्रं टाळा, निळे-निळे तुकडे मुलांना नाउमेद करतात. बर्फातले किल्ले आणि ट्यूलिपच्या बागा तर अजिबात नकोत. ज्या चित्रावर मुलाला काही बोलता येईल ते घ्या. पेणमध्ये मिठागर घ्या, खाजणातली उघाडी घ्या, जिताडा घ्या. मूर्तींचा कारखाना तर फारच चांगला, कारण हमरापूर-जोह्याकडची मुलं रोज बघतात की मूर्तीचे हात वेगळ्या साच्यातून निघतात, मग जोडले जातात, आणि डोळ्यांची आखणी शेवटी होते. जोडकामाबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. रोह्यात स्टेशन घ्या, तिथून कोकण रेल्वे सुरू होते आणि प्रत्येकाचा कुणीतरी नातेवाईक त्या गाडीने येतो. उर्दू शाळेत फक्त मशिदीचं आणि मराठी शाळेत फक्त देवळाचं चित्र न्यायचा मोह होईल. मासळी बाजार न्या. तिथे सगळे असतात.

कुणीतरी विचारणारच म्हणून सांगतो, याचं ॲप का नाही? मी ते दोन संध्याकाळींत लिहून देऊ शकतो. पण ॲपमध्ये तुकडा जवळ नेला की आपोआप चिकटतो, आणि पडद्यावर बोट एकाचंच असतं. बाकीचे तिघे बघे. आपल्याला चारांची भांडणं हवी आहेत.

आणि तुकडे हरवतात. कपाटाला कुलूप लागू नये म्हणून शिक्षकांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. हरवला की मुलांना भोक दाखवायचं. भोवतालचं चित्र बघून तिथे काय असेल ते ठरवा म्हणायचं आणि कोरा पुठ्ठा द्यायचा. पोपटीच्या चित्रात जाळाशेजारचा एक तुकडा हरवला होता. मूळ चित्रात तिथे नुसतं गवत होतं. मुलांनी काढलेल्या तुकड्यावर एक कुत्रा बसलाय, मडक्याकडे बघत. आता ते कोडं त्या वर्गात कुत्र्याचं कोडं म्हणूनच ओळखलं जातं.

पुढच्या महिन्यात आपल्याला चार नव्या शाळांत जायचंय, दोन पेणच्या बाजूला, दोन रोह्याकडे. दोन मराठी, दोन उर्दू. उर्दू मजकूर लिहिणारे हात कमी पडतायत, ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी नावं द्या. पुठ्ठे आणि कॅलेंडरं मागच्या टेबलावर ठेवली आहेत, चित्रं कालच चिकटवलीत, त्यामुळे वाळली असतील. जेवणाआधी प्रत्येकाने एक कोडं कापायचं, आणि ते शेजारच्याने जोडून बघायचं.